हिंगोली डायरी : चार दिवस निवांत

सुट्टीच्या फॉर्मवर ‘कुठे जाणार?’ असा कॉलम नसतो, पण उत्तर मात्र सगळ्या ऑफिसला द्यावं लागतं. गोवा म्हटलं की ‘सही है!’, केरळ म्हटलं की ‘हाऊसबोट बुक केलीस का?’, डेन्मार्क म्हटलं की सरळ ‘वॉव!’. आणि हिंगोली म्हटलं की? ‘का गं, घरी सगळं ठीक आहे ना?’

आमच्या ग्रुपमधलं एक जोडपं नुकतंच डेन्मार्क फिरून आलंय. कोपनहेगनच्या न्यूहाउन कालव्याकाठच्या रंगीबेरंगी घरांसमोर काढलेले फोटो झाले, सायकलींचे फोटो झाले, आणि मग आला तो फेमस डॅनिश शब्द, ‘ह्यूगं’. म्हणजे मेणबत्तीचा उजेड, हातात गरम कॉफीचा मग, जवळची चार माणसं आणि कसलीही घाई नाही. बॉस, याला आपल्याकडे निवांत म्हणतात! आणि त्यासाठी सहा हजारांहून जास्त किलोमीटर उडायची गरज नाही, रात्रीची एक स्लीपर बस पुरते.

माझ्या रूममेटचं गाव वसमत तालुक्यात. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि वर्षातून एकदा हळद काढायच्या दिवसांत घरी जाते. यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात मीही तिच्यासोबत बॅग भरली. जाताना तिनं एवढंच सांगितलं, ‘‘आबांच्या मनात यंदा काहीतरी चाललंय. फोनवर नीट बोलत नाहीयेत.’’

आधी थोडा भूगोल. १ मे १९९९ला परभणीतून वेगळा काढलेला हा मराठवाड्यातला छोटा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. मॉल, मल्टिप्लेक्स आणि सेल्फी पॉइंटच्या अपेक्षेनं जाल तर एका तासात बोअर व्हाल. बाकी सगळ्यांनी पुढे वाचा.

दिवस पहिला : पिवळे हात

वसमतला पहाटे उतरलो. काळी-पिवळी जीपमध्ये माणसं, पिशव्या आणि एक कोंबडी यांच्यामध्ये जागा करत गाव गाठलं. नाश्त्याला सुशीला. दचकू नका, मराठवाड्यात सुशीला हा पदार्थ आहे! भिजवलेले चुरमुरे, फोडणी, शेंगदाणे, वर कोथिंबीर. पोह्यांची मस्त चुलत बहीण.

शेतात गेलो तर सगळीकडे हळदीचा वास. आपल्या डोक्यातली हळद म्हणजे मसाल्याच्या डब्यातली पिवळी पूड. ती तिथवर कशी येते, हे बघायला मिळालं. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, आठ-नऊ महिने पाणी द्यायचं, पानं वाळली की ती कापून जमीन खणायची. मग ओले कंद लोखंडी कुकरमध्ये वाफेवर शिजवायचे. काडी टोचली आणि आरपार गेली की हळद शिजली. पुढे पंधरा दिवस उन्हात वाळवण, आणि शेवटी फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश. एवढं सगळं करून पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल वाळलेली हळद हातात येते.

‘‘म्हणजे चार क्विंटल हवेतच गेली की!’’ मी म्हटलं.

‘‘हवेत नाही, पोरी, घामात गेली,’’ आबा म्हणाले आणि परत कुकरकडे वळले.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. म्हणजे दार्जिलिंगच्या चहासारखं, गावाचं नाव आता मालाच्या नावाला कायद्यानं जोडलं गेलं. वसमतला हळद संशोधनाचं खास केंद्रही उभं राहिलंय. पण संध्याकाळी अंगणात भाकरी, पिठलं आणि ठेचा खाताना आबांनी मनातलं बोलून टाकलं. पुढच्या हंगामापासून जमीन ठोक्यानं द्यायची. वर्षाचे ठरलेले पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. मुलगा चाकणला, मुलगी हिंजवडीला, मजूर मिळता मिळत नाहीत, गुडघे बोलायला लागलेत. काकू ताटाकडे बघत होत्या. रूममेट काहीच बोलली नाही. मी पण भाकरीकडे लक्ष दिलं.

रात्री गच्चीवर झोपलो. आवाज म्हणजे फक्त लांबवर एक पाण्याची मोटर, आणि मग वीज गेली तशी तीही बंद.

दिवस दुसरा : देव आणि लेझर

औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांमधलं हे आठवं, अशी इकडच्या भाविकांची श्रद्धा. (गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांचाही हाच दावा आहे. आपण भांडणात पडायचं नाही.) मंदिर हेमाडपंती, यादवकाळातलं. बाहेरच्या भिंतींवर इतकं कोरीवकाम आहे की एक प्रदक्षिणा घालायला तासभर कमी पडतो. देव, हत्ती, नर्तकी, एकावर एक थर. वरचा भाग मात्र साधा दिसतो, कारण तो नंतरच्या काळात पुन्हा बांधलाय. गाभारा जमिनीखाली. अरुंद पायऱ्या उतरून, डोकं वाकवून आत जायचं. सहा फुटी मंडळींनी जपून!

संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर इथलेच. त्यांची गोष्ट इथे लहान पोरंही सांगतात. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले बघून नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, ‘जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव.’ नामदेव पाय उचलून जिकडे ठेवतील तिकडे पिंड! आजही ही गोष्ट ऐकली की दोन मिनिटं गप्प बसावंसं वाटतं.

आणि आता सगळ्यात भारी भाग. याच तालुक्यात दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ उभं राहतंय. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशा दोन वेधशाळा आहेत. १४ सप्टेंबर २०१५ला त्यांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची ती थरथर. या शोधासाठी २०१७ मध्ये रायनर वाईस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना नोबेल मिळालं. अशा लहरी शोधण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’त संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षं आधीपासून काम केलं होतं.

हे यंत्र काम कसं करतं? इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. आत हवा जवळजवळ नाहीच. दोन्हींतून लेझर जातो आणि टोकाच्या आरशांवरून परत येतो. गुरुत्वीय लहर आली की एक नळी किंचित लांब होते, दुसरी किंचित आखूड. किती किंचित? प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरकही या यंत्राला कळतो! आता विचार करा, जवळून एक भरलेला ट्रक गेला तर काय होईल? म्हणून अशा यंत्राला जागा लागते ती सपाट, वर्दळीपासून दूर आणि शांत. भारतभर बऱ्याच जागा तपासल्यावर नंबर लागला तो औंढ्याचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला.

इतक्या लांब भारतात आणखी एक यंत्र कशाला? आपल्याला दोन कान असतात म्हणून आवाज कुठून आला ते कळतं, तसंच. लहर प्रत्येक ठिकाणी थोड्या वेगळ्या वेळी पोहोचते. पहिल्या वेळी अमेरिकेतल्या दोन यंत्रांमध्ये फरक होता सात मिलिसेकंदांचा. कान जितके दूरदूर, तितका आकाशातला पत्ता नेमका. इटलीत आणि जपानमध्येही असे कान आहेत. आता एक हिंगोलीत लागणार.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून माळरान बघत होतो. पळस पेटला होता. एक गुराखी आजोबा म्हणाले, ‘‘मोठमोठे साहेब येऊन गेले म्हणं. इथं लई शांत हाय म्हणून.’’ मग हसून पुढे म्हणाले, ‘‘शांत तर हायेच. पोरं सारी पुण्याला.’’

हे वाक्य डोक्यातून जाईना. ज्या शांततेसाठी शास्त्रज्ञ नकाशे घेऊन देशभर फिरले, तिच्यामागे कारखाने नसणं आहे, नोकऱ्या नसणं आहे, रात्रीच्या बसमध्ये बसून निघून जाणारी मुलं आहेत. आणि ही शांतता अगदी अभंगही नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात तर जमिनीखालून येणारे आवाज लोकांना चांगलेच ओळखीचे आहेत. काकू म्हणाल्या, ‘‘भांडी वाजली की आम्ही अंगणात.’’ जसं काही पाहुणे आले म्हणून सांगावं!

दिवस तिसरा : शिंप्याचा पोरगा निघाला पंजाबला

नर्सी नामदेव. हिंगोलीहून वीसेक किलोमीटरच्या आत, कयाधू नदीच्या काठी. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म इथे १२७० साली झाला. शिंप्याच्या घरातला हा मुलगा पंढरपूरला गेला, विठ्ठलाचा लाडका झाला, आणि मग उत्तरेकडे चालत राहिला तो थेट पंजाबात. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एप्रिल २०१५ मध्ये ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते या नात्यामुळेच. नांदेडला हुजूरसाहिबच्या दर्शनाला आलेले शीख भाविक नर्सीलाही येतात. नदीकाठी फेटेवाले पंजाबी आजोबा आणि टाळ घेतलेले वारकरी एकाच झाडाखाली पाणी पीत बसलेले दिसले. कुणी फोटोसाठी पोझ दिलेली नव्हती, म्हणून मीही काढला नाही.

सव्वासातशे वर्षांपूर्वी, रिझर्व्हेशन नाही, पॉवर बँक नाही, आणि माणूस मराठवाड्यातून पंजाबात पायी जातो! ‘ट्रॅव्हल’ हा आपला छंद म्हणणाऱ्यांनी इथे येऊन एकदा नमस्कार करावाच.

दुपारी हिंगोली शहर. स्टेशनच्या पाटीवर चक्क ‘हिंगोली डेक्कन’ लिहिलंय. अकोला-पूर्णा मार्गावरचं हे स्टेशन, २००८ पर्यंत मीटरगेजच्या छोट्या गाड्यांचं. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. इथला सार्वजनिक दसरा दीडशेपेक्षा जास्त वर्षांचा आहे आणि हिंगोलीकर तो मैसूरच्या खालोखाल मानतात. त्यांच्याशी वाद घालू नका, हरणार तुम्हीच.

संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे ढीग लागलेले. व्यापारी हळकुंड हातात घेऊन मोडतात, आतला रंग बघतात, आणि लिलाव पुढे सरकतो. एका शेतकऱ्याच्या नऊ महिन्यांचा निकाल दोन मिनिटांत. आपलं वार्षिक अप्रेझल आठवलं. आपल्याला निदान एसी असतो.

दिवस चौथा : बेणं

सकाळी पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाला जाऊन आलो. पाण्यावर ऊन, काठाला बगळे, हातात धपाटे आणि दही. दीड तास कुणीही मोबाईल बघितला नाही. रेंज होती, हे विशेष.

परतलो तेव्हा आबा कंद निवडत बसले होते. एका बाजूला विकायचे, एका बाजूला बेण्याचे. बेणं चांगलं टपोरं लागतं, आणि ते लागवडीपर्यंत सावलीत, हळदीच्या वाळक्या पाल्याखाली जपून ठेवावं लागतं. जमीन ठोक्यानं द्यायची तर बेणं ठेवून काय करायचं? गावातला एक जण सगळं विकत घ्यायला तयार होता. संध्याकाळी टेम्पो येणार होता.

रूममेट आबांसमोर उकिडवी बसली. थोडा वेळ तीही निवडत राहिली. मग म्हणाली, ‘‘आबा, अर्ध्या एकराचं बेणं ठेवा.’’

‘‘कोण लावणार?’’

‘‘मी येते की जूनमध्ये. सुट्टी टाकते. मजुरीचे पैसे माझ्या पगारातून घ्या. बाकीचं द्या ठोक्यानं.’’

‘‘अन् पाणी कोण देणार? तुझा कंप्युटर?’’

‘‘ठिबक टाकू. शेजारच्या दादांशी मी बोललेय.’’ म्हणजे बाईसाहेबांनी चार दिवसांत गुपचूप होमवर्क केला होता तर!

आबा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. टेम्पो आला तेव्हा त्यांनी पोती मोजून दिली आणि एक ढीग तसाच ठेवला. मग काकूंनी आणलेला पाला त्यावर पसरायला लागले. काकू माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, ‘‘जूनला तू बी ये.’’

अर्धा एकर म्हणजे फार नाही. त्यानं गाव भरणार नाही, बसही रिकामी जाणार नाही. हिशोब केला तर कदाचित तोट्यातच जाईल. रात्री बसमध्ये रूममेटच्या मोबाईलवर एक्सेल शीट उघडी होती, आणि एका कॉलमचं नाव होतं ‘बेणं’.

जायचं असेल तर...

● सगळ्यात जवळचं मोठं स्टेशन नांदेड. हिंगोली आणि वसमतलाही रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्या. पुण्याहून रात्रीची बस सोयीची.

● सीझन : नोव्हेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा. हळद शिजताना बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्च. एप्रिल-मेमधलं ऊन चेष्टा नाही.

● औंढ्याला महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तुफान गर्दी. कोरीवकाम नीट बघायचं तर इतर दिवशी सकाळी जा.

● खायलाच हवं : सुशीला, धपाटे-दही, ज्वारीची भाकरी आणि ठेचा.

● आणायलाच हवं : वाळलेली हळकुंडं. घरी कुटून बघा, बरणी उघडल्यावर येणारा वास वेगळाच असतो.