कृषि विद्यापीठांतील जुने प्रबंध : जतन आणि उपयोग

शेतीवरील प्रयोगांच्या जुन्या नोंदी हे केवळ ग्रंथालयाचे भूषण नव्हे. अमुक वर्षी पाऊस किती झाला, हलक्या जमिनीत ज्वारीच्या कोणत्या वाणाने तग धरला, कोणत्या रोगाने पीक बुडाले, ह्याची साक्ष ह्या नोंदीच देतात. गेलेला हंगाम पुन्हा आणता येत नाही. म्हणून त्या हंगामातील प्रयोगाची नोंद नष्ट झाली, तर ती कितीही पैसा खर्चून परत मिळत नाही.

हे संकट काल्पनिक नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेल्या भूकंपात पुसा येथील कृषि संशोधन संस्थेच्या मुख्य इमारतीची अतोनात हानी झाली आणि १९३६ साली ती संस्था दिल्लीस हलवावी लागली. भूकंप क्वचित होतो. पण ओल, वाळवी व कसर ह्यांचे काम बारमाही चालते. शिवाय लाकडाच्या लगद्याच्या जुन्या कागदात आम्ल असते. त्यामुळे तो पिवळा पडतो व पुढे हात लागताच तुटतो.

महाराष्ट्रात राहुरी येथे १९६८ साली, अकोला येथे १९६९ साली आणि परभणी व दापोली येथे १९७२ साली कृषि विद्यापीठे स्थापन झाली. संगणक येण्यापूर्वीचे तेथील प्रबंध टंकलिखित असून त्यांच्या प्रती मोजक्याच निघत. असे साहित्य स्कॅन करून संगणकावर जतन करणे, म्हणजेच त्याचे डिजिटायझेशन करणे, हाच त्यावरील उपाय होय. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने २०१३ साली खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले आहे. ‘कृषिकोश’ ह्या संगणकीय भांडारात कृषि विद्यापीठांचे प्रबंध एकत्र केले जातात.

हे काम करताना पुढील दक्षता घेणे आवश्यक आहे.

१. पुस्तक दाबून सपाट करू नये. त्याने शिवण उसवते. जीर्ण ग्रंथांसाठी वरून छायाचित्र घेणारे स्कॅनर वापरावे.

२. स्कॅन निदान ३०० डीपीआय इतके स्पष्ट असावे. तक्त्यांतील बारीक आकडे मूळ पानाशी ताडून पाहावेत.

३. पीक, वाण, ठिकाण, वर्ष व संशोधकाचे नाव ह्यांची नोंद प्रत्येक प्रबंधास जोडावी. अशी नोंद नसलेला स्कॅन म्हणजे चिठ्ठी नसलेले बियाण्याचे पोते. ते कोठारात असते. पण पेरणीस उपयोगी पडत नाही.

४. संगणकीय प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात व मूळ प्रत रद्दीत टाकू नये.

५. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ग्रंथस्वामित्व टिकते. त्याचा विचार करूनच ग्रंथ सर्वांस खुला करावा.

एवढे झाले तरी काम अर्धेच होते. हे प्रबंध बहुतांशी इंग्रजीत आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती आज मोबाईल असला, तरी त्यातील शंभर पानी इंग्रजी प्रबंध त्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून प्रत्येक उपयुक्त प्रबंधाचा दोन पानी मराठी सारांश त्यासोबत असावा. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील पिकांवरील जुने प्रबंध शोधून त्यांतील निष्कर्ष गावच्या सभेत समजावून सांगावेत. ज्या शेतांत हे प्रयोग झाले, तशाच शेतांत त्यांचे फळ पोहोचले, तरच हा खटाटोप सार्थकी लागेल.