कीटकनाशक कवकांची आनुवंशिकी

कीटकांच्या शरीरात शिरून त्यांना मारणारी व त्यांच्याच देहावर आपली वाढ पुरी करणारी काही कवके (हरितद्रव्य नसलेले, बीजुकांनी म्हणजे सूक्ष्म प्रजोत्पादक घटकांनी पसरणारे जीव, बुरशी हा त्यांचा परिचित प्रकार होय) पिकांवरील किडींच्या नियंत्रणासाठी वापरली जातात. त्यांचे मारक गुण कोणत्या जनुकांमुळे (आनुवंशिक घटकांमुळे) येतात, ते पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकतात अथवा लोप पावतात आणि त्यांत हेतुपूर्वक बदल कसा घडविता येतो, यांचा विचार आनुवंशिकीच्या या शाखेत होतो. महाराष्ट्रात बोव्हेरिया बॅसियाना, मेटॅऱ्हिझियम ॲनिसोप्ली व व्हर्टिसिलियम लेकॅनी या नावांनी विकली जाणारी कवके शेतकऱ्यांच्या विशेष माहितीची आहेत.

रेशमाच्या किड्यांना होणारा पांढऱ्या बुरशीचा रोग एका सूक्ष्म कवकामुळे होतो, हे इटलीतील आगोस्तीनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले. प्राण्यांचा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो, याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा मानतात. बोव्हेरियाच्या जातिनामात बास्सी यांचे नाव आहे. पुढे १८७९ मध्ये मेच्निकॉव्ह यांनी गव्हावरील भुंगेऱ्यांविरुद्ध हिरव्या बीजुकांचे कवक (आजचे मेटॅऱ्हिझियम) वापरण्याची कल्पना मांडली. त्यानंतर शतकभर कवकांची निवड केवळ अनुभवाने होत राहिली. मेलेला किडा शोधावा, त्यावरील बुरशी वाढवावी आणि ती पुन्हा किड्यांवर टाकून पाहावी, अशी ही रीत होती.

शास्त्रीय नावांत अलीकडे बरेच फेरफार झाले आहेत. व्हर्टिसिलियम लेकॅनी हे २००१ मध्ये लेकॅनिसिलियम या वंशात व २०१७ मध्ये अकँथोमायसिस या वंशात गेले. मेटॅऱ्हिझियम ॲनिसोप्ली या एका नावाखाली प्रत्यक्षात अनेक जाती दडलेल्या आहेत, हे २००९ मध्ये डीएनएच्या तुलनेवरून स्पष्ट झाले. विक्रीच्या पुड्यांवर मात्र जुनीच नावे छापलेली असतात. नाव बदलल्याने कवक बदलत नाही, हे खरे. तथापि एका नावाची दोन कवके दोन निरनिराळ्या किडींवर सारखीच चालतील, ही समजूत या संशोधनाने खोटी ठरविली.

संसर्ग व त्यामागील जनुके : जीवाणू व व्हायरस यांवर आधारलेली कीटकनाशके किडीच्या पोटात जावी लागतात, कवक मात्र थेट कातडीतून आत शिरते. म्हणूनच सोंडेने रस शोषणाऱ्या मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या किडींवर ते उपयोगी पडते. बीटी कपाशीतील जीवाणुजन्य प्रथिन बोंड अळ्यांसाठी असते; या रसशोषक किडींना ते बाधत नाही. २००२ नंतर बीटी वाण सर्वत्र पसरूनही कपाशीवरील फवारण्या संपल्या नाहीत, याचे हे एक कारण होय.

बीजुक किडीच्या अंगाला प्रथम चिकटते. मेटॅऱ्हिझियमात हे काम ‘मॅड-१’ या जनुकाने बनणारे प्रथिन करते. गंमत अशी की त्याच्या जोडीचे ‘मॅड-२’ हे जनुक बीजुकाला वनस्पतीच्या पृष्ठभागाशी चिकटविते. हे कवक किड्याच्या देहावर आणि पिकाच्या मुळाभोवती अशा दोन्ही ठिकाणी नांदते, त्याचे रहस्य या जोडीत आहे. ओलाव्यात बीजुक रुजते, त्याच्या टोकाशी चापट, फुगीर अवयव तयार होतो आणि तेथून प्रथिने, मेद व कायटिन (कीटकाच्या कवचातील कठीण पदार्थ) यांचे विघटन करणारी एंझाइमे स्रवतात. यांपैकी ‘पीआर-१’ या प्रथिनविघटक एंझाइमाचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. आत शिरलेले कवक रक्तात सुट्या कोशिकांच्या रूपाने वाढते व ‘एमसीएल-१’ या प्रथिनाचे पांघरूण घेऊन कीटकाच्या रक्षक कोशिकांना चुकविते. मेटॅऱ्हिझियम डिस्ट्रक्झिने व बोव्हेरिया बोव्हेरिसीन ही विषे निर्माण करते. चार ते आठ दिवसांत किडा मरतो आणि हवा दमट असल्यास त्याच्या सांध्यांतून पांढरी वा हिरवी बीजुके बाहेर पडतात.

मेटॅऱ्हिझियमाच्या दोन जातींची संपूर्ण जनुकमाला २०११ मध्ये व बोव्हेरियाची २०१२ मध्ये वाचली गेली. प्रत्येकीत सुमारे दहा हजार जनुके आढळली. नाना तऱ्हेच्या किडींवर जगणाऱ्या जातीत प्रथिनविघटक एंझाइमांची जनुके अधिक, तर केवळ टोळांवर जगणाऱ्या जातीत ती कमी असतात.

आनुवंशिक बदलांचे मार्ग : ही कवके बहुतेक काळ एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) असतात आणि अलैंगिक बीजुकांनी वाढतात. एकच संच असल्यामुळे एखाद्या जनुकात उत्परिवर्तन (आकस्मिक बदल) झाले, तर ते झाकले न जाता लगेच प्रकट होते. बोव्हेरियाची लैंगिक अवस्था २००१ मध्ये चीनमध्ये ओळखण्यात आली. परंतु युग्मनाचे दोन प्रकार असून एका वाणात साधारणतः एकच असल्याने असा संकर निसर्गात क्वचितच घडतो. दुसरा मार्ग पॉन्टेकोर्व्हो व रोपर यांनी १९५२ मध्ये ॲस्परजिलस कवकात प्रथम दाखविला. त्यात दोन वाणांचे तंतू जुळतात, त्यांची प्रकले (कोशिकेचे नियंत्रण करणारी केंद्रे) एका तंतूत येतात, काही प्रकलांचा संयोग होऊन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते व शेवटी पुन्हा एकगुणित संतती मिळते. कीटकनाशक कवकांतही हे घडते. मात्र परस्परांशी न जमणाऱ्या वाणांचे तंतू जुळताच मरतात. हा अडसर टाळण्यासाठी कोशिकाभित्ती काढून टाकलेल्या कोशिकांचा संयोग घडवून आणण्याचे प्रयोग झाले आहेत.

वाणाची झीज : शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न हा आहे. प्रयोगशाळेत कवक एका बशीतून दुसऱ्या बशीत पुनःपुन्हा वाढविले, की त्याची मारकता उतरू लागते. बशीत साखर व प्रथिने आयती मिळतात. कवच फोडणाऱ्या एंझाइमांची गरजच उरत नाही. कमी बीजुके व अधिक कापसासारखे तंतू देणारे पांढरे पट्टे हिरव्या वाढीत दिसू लागतात. अशा पट्ट्यांत वार्धक्यासारखी लक्षणे आढळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मु. वि. देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मेटॅऱ्हिझियम व हरभरा-तुरीवरील घाटे अळी यांवर दीर्घकाळ काम केले. वारंवार केलेल्या उपसंवर्धनाने अळी मरण्यास अधिक दिवस लागतात आणि तेच कवक जिवंत अळीतून पुन्हा काढून घेतले असता गेलेली मारकता बरीचशी परत येते, असे त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. कायटिनाचे कायटोसानात रूपांतर करणाऱ्या एंझाइमाकडेही याच गटाने लक्ष वेधले. मारकता परत येते, त्याअर्थी ही झीज सर्वस्वी जनुके नष्ट झाल्याने होत नाही. काही जनुके केवळ निष्क्रिय झालेली असावीत, असे अनुमान निघते.

येथे कायद्याच्या कसोटीतील एक उणीव ध्यानात येते. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली नोंदणी होताना एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत बीजुके असावीत, अशी अट असते. ही मोजणी बीजुके जिवंत आहेत की नाहीत एवढेच सांगते. चाळीस वेळा बशीत वाढलेले कवकही या परीक्षेत उत्तीर्ण होते. पुडी खरी, तारीख खरी, बीजुके जिवंत आणि तरीही कीड मरत नाही, अशी शेतकऱ्याची तक्रार असते, तेव्हा तिच्या मुळाशी अनेकदा हेच कारण संभवते. मूळ वाण अतिशीत अवस्थेत जपणे व ठराविक काळाने तो किडीतून फिरवून घेणे हा उपाय साधा आहे. लहान उत्पादकाला तो खर्चिक वाटतो एवढेच.

जनुक अभियांत्रिकी : सेंट लेजर व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये पीआर-१ जनुकाच्या जादा प्रती मेटॅऱ्हिझियमात घातल्या. त्यामुळे तंबाखूवरील अळ्या मरण्याचा काळ २५ टक्क्यांनी व त्यांचे खाणे ४० टक्क्यांनी घटले. विंचवाच्या विषाचे जनुक घातलेल्या कवकाने २००७ मध्ये मूळ मात्रेच्या बाविसाव्या भागात तेवढीच मारकता दाखविली. बुर्किना फासो या आफ्रिकी देशात जाळीने बंदिस्त केलेल्या मोठ्या आवारात कोळ्याच्या विषाचे जनुक असलेले कवक हिवतापाच्या डासांवर वापरले असता दोन पिढ्यांत डासांची संख्या कोसळली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. खुल्या शेतात असे कवक सोडणे ही निराळी बाब आहे. बीटी जनुक कपाशीच्या झाडात बसविलेले असते, झाड उपटता येते. कवकाची बीजुके वाऱ्याने जातात व मातीत राहतात. ती मधमाश्या वा रेशमाच्या किड्यांपर्यंत पोचल्यास काय, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. भारतात असे जीव सोडण्यापूर्वी १९८९ च्या नियमांनुसार केंद्रीय समितीची परवानगी लागते. बाजारात मिळणारी कवके निसर्गातून निवडलेलीच असतात.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव जिल्ह्यातील यावल तालुका सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत पसरलेला असून केळी व कपाशी ही त्याची मुख्य नगदी पिके आहेत. मे महिन्यात येथील तपमान ४५° से. च्या वर जाते, तर बहुतेक कीटकनाशक कवकांची वाढ २५°-३०° से. ला उत्तम होते व ३५° से. च्या पुढे थंडावते. उघड्या कपाशीत ऊन व जंबुपार किरण बीजुकांना काही तासांत मारतात. दाट सावलीच्या, पाणी दिलेल्या केळीच्या बागेत ती अधिक काळ टिकतात. उष्णता व ऊन सोसण्याची शक्ती वाणागणिक बदलते व ती आनुवंशिक असते. त्यामुळे इतर प्रदेशांतून आणलेल्या वाणापेक्षा खानदेशच्या मातीतून व तेथे मेलेल्या किडींवरून मिळविलेले वाण पारखून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

केळीवरील हरण्या रोग काकडीच्या केवडा व्हायरसामुळे होतो व मावा त्याचा प्रसार करतो. यावल-रावेर भागात गेल्या काही वर्षांत या रोगापायी कोवळी रोपे उपटून टाकण्याची पाळी अनेकांवर आली आहे. माव्यासाठी व्हर्टिसिलियम फवारण्याचा सल्ला दिला जातो. परंतु त्याची मर्यादा स्पष्ट आहे. मावा हा व्हायरस काही सेकंद ते मिनिटांत उचलतो व तितक्याच त्वरेने दुसऱ्या झाडाला देतो, तर कवकाला त्याला मारण्यास काही दिवस लागतात. मरण्याचा काळ चतुर्थांशाने घटविणारे जनुकही येथे निरुपयोगी होय. कवकाने माव्याची एकूण संख्या आटोक्यात राहते. रोगट रोपे काढणे व बागेत काकडीवर्गीय पिके न घेणे हे मुख्य उपाय राहतातच. शिवाय करपा रोगासाठी मारलेले कवकनाशक या उपकारक कवकालाही मारते; म्हणून दोन्ही एकाच पंपात मिसळू नयेत व दोन फवारण्यांत काही दिवसांचे अंतर ठेवावे.

हुमणीच्या बाबतीत अनुभव अधिक समाधानकारक आहे. तिच्या अळ्या पावसाळ्यात मुळांजवळ ओलसर, अंधाऱ्या मातीत असतात. तेथे ऊन पोचत नाही आणि कवकाला सावकाश मारण्यास वेळ मिळतो. मेटॅऱ्हिझियम चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पहिल्या पावसानंतर, अळ्या लहान असतानाच, मातीत घालतात.