सामान्य ज्ञान कीं सामान्य पाठांतर?

दिवेलागणीच्या सुमारास जळकोटच्या पेठेंतून जाणाऱ्या मनुष्यास अलीकडे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. चहाच्या दुकानापुढील बांकावर चार-पांच तरुण बसलेले असतात, एकाच्या हातीं प्रश्नोत्तरांचें पुस्तक असतें, आणि तो प्रश्न विचारतो न विचारतो तोंच दुसऱ्याच्या तोंडून उत्तर बाहेर पडतें. अमुक शोध कोणी लावला? अमुक पदवी मिळविणारी पहिली स्त्री कोण? अमुक थोर पुरुषाचें मूळ नांव काय? तलाठी, पोलीस, राज्यसेवा अशा निरनिराळ्या परीक्षांची ही तयारी होय. या मुलांच्या उद्योगाबद्दल आमच्या मनांत आदरच आहे. ज्या मुलखांत निजामाच्या अमलाखालीं मातृभाषेंतील शिक्षण दुर्मिळ होतें, त्या मुलखांतील मुलें आज नेपोलियनापासून आइन्स्टाइनपर्यंत साऱ्या जगाचीं नांवें घेतात, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि हीं उत्तरें कानांवर पडतां पडतां जो विचार आमच्या मनांत आला तो वाचकांपुढें स्पष्टपणें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. या मुलांस उत्तरें येतात, पण माणसें ठाऊक नाहींत. आणि हा दोष मुलांचा नसून त्यांच्या वडीलधाऱ्यांचा आहे.

पहिलें उदाहरण घरचेंच घेऊं. ‘एके काळीं जगांतील सर्वांत श्रीमंत मनुष्य कोण?’ या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक मुलास पाठ आहे: हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान. १९३७ सालीं अमेरिकेंतील ‘टाइम’ साप्ताहिकानें त्यांचें चित्र मुखपृष्ठावर छापिलें. सुमारें १८४ कॅरटांचा जेकब हिरा ते टेबलावरील कागद दाबण्यास वापरीत म्हणून त्यांची ख्याति आहे. तो हिरा इतर जवाहिरासह भारत सरकारनें १९९५ सालीं २१८ कोटी रुपयांस घेतला. एवढें सांगून पुस्तक थांबतें, आणि मुलगाहि थांबतो. हा श्रीमंत पुरुष जळकोटचाच राजा होता, आणि ती श्रीमंती याच काळ्या जमिनीच्या साऱ्यावर पोसली होती, हें त्याला कोणी सांगत नाहीं. ‘सर्फ-ए-खास’ म्हणून निजामाची खासगी जमीन असे व तिचें उत्पन्न राज्याच्या तिजोरींत न जातां थेट त्यांच्या पदरीं पडे, हेंहि त्याच्या कानीं आलेलें नसतें. न्यायबुद्धीनें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९१८ सालीं याच राजानें उस्मानिया विद्यापीठ स्थापून आधुनिक उच्च शिक्षण एका देशी भाषेंतून देण्याचा मार्ग दाखविला. पण ती भाषा उर्दू होती, आणि प्रजेपैकीं बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी किंवा कानडी बोलत. हें सारें एकत्र ठेविलें म्हणजे निजाम हा मनुष्य समजूं लागतो. नुसत्या हिऱ्यानें तो समजत नाहीं.

आमच्या धंद्यास धरून आणखी एक गोष्ट सांगतों. सप्टेंबर १९४८ मध्यें, हैदराबाद संस्थान भारतांत येण्याच्या धामधुमींत, संस्थानचे सुमारें दहा लक्ष पौंड लंडनच्या एका पेढींत पाकिस्तानच्या वकिलाच्या खात्यावर वर्ग झाले. ही रक्कम कोणाची, या वादाचा निकाल लंडनच्या हायकोर्टानें ऑक्टोबर २०१९ मध्यें भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूनें दिला, तोंपर्यंत एकाहत्तर वर्षें लोटलीं होतीं आणि मूळ रक्कम सुमारें साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. व्याज कसें वाढतें आणि दावा कसा चालतो, हें समजून घेणाऱ्या व्यापारी वाचकांस यांत हिऱ्याच्या वजनापेक्षां अधिक गोडी वाटेल, अशी आमची खात्री आहे.

आतां दुसरा दोष. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें या देशांत असें ठरविलें कीं, तोंडी साक्ष ज्यानें स्वतः पाहिलें अथवा ऐकिलें त्याचीच असली पाहिजे. ‘अमक्यानें मला असें सांगितलें’ ही ऐकीव गोष्ट एरवीं चालावयाची नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा आला, तरी हें तत्त्व कायम आहे. थोर पुरुषांविषयीं मात्र आमचा सारा व्यवहार ऐकीव पुराव्यावर चालतो. नेपोलियन ठेंगू होता, असें सर्व जग म्हणतें. वस्तुतः त्याची उंची त्या काळच्या फ्रेंच मापानें पांच फूट दोन इंच होती, आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचाहून मोठा असल्यामुळें इंग्रजी मापानें ती साडेपांच फुटांच्या वर जाते. मापाचा घोटाळा आणि शत्रुपक्षाच्या व्यंगचित्रकारांची टवाळी, या दोहोंतून एक ‘सामान्य ज्ञान’ जन्मास आलें! आइन्स्टाइन गणितांत नापास झाला, असें सांगून मुलांचें समाधान करण्यांत येतें. तो लहानपणापासून गणितांत हुशार होता. १८९५ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, झुरिचच्या प्रवेशपरीक्षेंत तो अडला तो इतर विषयांत. ‘भाकरी नसेल तर केक खा’ असें फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत भुकेल्या प्रजेस म्हणाली, असें म्हणतात. परंतु रूसोनें ही गोष्ट एका निनांवी राजकन्येच्या नांवावर लिहून ठेविली तेव्हां मारी आंत्वानेत अवघी बालिका होती, आणि तिचें पाऊल अद्यापि फ्रान्सच्या भूमीला लागलें नव्हतें. ‘जगांत जो बदल पाहूं इच्छितां तो बदल तुम्हीच व्हा’ हें वाक्य महात्मा गांधींच्या नांवानें भिंतीभिंतीवर लावलेलें असतें. त्यांच्या लेखनांत तें या शब्दांत आढळत नाहीं.

आमच्या आडतीवर सोयाबीनची गाडी आली म्हणजे व्यापारी आधीं ओलावा पाहतो, मूठभर दाणे हातावर घेऊन माती-कचरा पाहतो, आणि मग भाव बोलतो. धान्याची एवढी पारख करणारे आम्ही लोक, ज्ञानाचें पोतें आलें कीं तें न उघडतांच पदरांत घेतों, हें कसें?

लोकमान्यांचेंच पाहा. शेंगांच्या टरफलांची गोष्ट ज्यास येत नाहीं असा मुलगा महाराष्ट्रांत शोधून सांपडणार नाहीं. पण १९०८ च्या खटल्याची हकीकत किती जणांस ठाऊक आहे? नऊ ज्यूररांपैकीं सात युरोपियन होते व दोन पारशी. ज्या लेखांवर खटला झाला ते मराठी, आणि ज्यूररांपुढें आलीं तीं भाषांतरें. सातांनीं दोषी म्हटलें, दोघांनीं निर्दोषी म्हटलें, आणि न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. हेच दावर १८९७ च्या खटल्यांत टिळकांचे वकील होते व त्यांनींच त्यांस जामिनावर सोडविलें होतें! पुढें १९१६ सालीं टिळकांवर पुन्हा बालंट आलें तेव्हां त्यांच्या बाजूनें उभे राहिले ते महंमद अली जीना, आणि हायकोर्टानें टिळकांविरुद्धचा हुकूम रद्द केला. माणसें, बाजू आणि काळ कसे पालटतात याचा हा जिवंत धडा आहे. टरफलें उचलावीं कीं न उचलावीं एवढ्यावर ज्याचें टिळकज्ञान थांबलें, त्यास हा धडा कोणी द्यावा?

‘पहिली’ आणि ‘पहिला’ या शब्दांचें वेडहि असेंच आहे. परदेशीं जाऊन वैद्यकाची पदवी घेणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री आनंदीबाई जोशी, हें उत्तर बरोबर आहे. त्यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें पदवी घेतली आणि पुढल्याच वर्षीं, वयाच्या बाविसाव्या वर्षांत, त्या निवर्तल्या. पण या पहिलेपणाच्या उजेडांत डॉक्टर रखमाबाई झांकल्या जातात. लहानपणीं लावलेलें लग्न आपणांस मान्य नाहीं म्हणून नवऱ्याच्या घरीं जाण्यास त्यांनीं नकार दिला. नवऱ्यानें मुंबई हायकोर्टांत दावा लाविला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तो फेटाळला, पण १८८७ सालीं निकाल फिरला, आणि नवऱ्याकडे जा नाहीं तर तुरुंगांत जा, अशी वेळ आली. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली! १८८८ सालीं तडजोड झाली, त्या इंग्लंडांत वैद्यक शिकल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथें त्यांनीं वर्षानुवर्षें रुग्णांची सेवा केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागें जी चळवळ झाली तिला या खटल्यानें मोठें बळ दिलें. ज्या भागांत आजहि मुलीचें शिक्षण अर्ध्यावर सोडवून तिचें लग्न उरकण्याची घाई होते, त्या भागांत हें चरित्र परीक्षेस येवो वा न येवो, घरोघर वाचलें गेलें पाहिजे.

कित्येकदां नांव एक आणि माणसें दोन असतात. गोविंद पानसरे कोण, असें विचारल्यास कोल्हापूरचे कम्युनिस्ट पुढारी, वकील व ग्रंथकार, ज्यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्यें गोळ्या झाडण्यांत येऊन ज्यांचा अंत झाला, ते गृहस्थ आठवतात, आठवलेच पाहिजेत. परंतु जळकोटाहून फारशा दूर नसलेल्या बिलोली तालुक्यांत अर्जापूर येथें १९४६ सालीं रझाकारांच्या हातून गोविंदराव पानसरे यांचा वध झाला. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय त्या गांवीं आहे. दोघेहि आपल्या मतासाठीं मेले. त्यांतील जवळच्या माणसाची आठवण आमच्याच मुलांस नसावी, याचा आम्हांस खेद होतो. स्वामी रामानंद तीर्थ यांचें मूळ नांव व्यंकटेश खेडगीकर, एवढें उत्तर मुलांस येतें; पण हा संन्यासी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत व अंबाजोगाईस मास्तरकी करीत होता, आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसचा अध्यक्ष म्हणून विलीनीकरणाचा लढा उभारून तुरुंगांत गेला, हें सांगणारा कोणी भेटत नाहीं.

उदगीर तर शेजारींच. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं तेथें निजामास नमविलें. त्या विजयानेंच भाऊंची कीर्ति वाढून त्यांस उत्तरेच्या मोहिमेवर नेमण्यांत आलें, आणि वर्ष पुरें होतें न होतें तोंच पानिपत घडलें. उदगीर आणि पानिपत या दोन्ही ठिकाणीं मराठ्यांचा तोफखाना ज्यानें चालविला तो इब्राहिमखान गारदी पूर्वी निजामाच्याच चाकरींत होता, आणि मराठ्यांच्या बाजूनें लढूनच तो प्राणांस मुकला.

नांदेडचें नांव निघतांच १७०८ सालीं तेथें गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेविला, हें मुलें सांगतात. त्यांनीं आपल्यामागें ग्रंथालाच गुरु मानावें असें सांगितलें, हेंहि कांहींजण सांगतात. पण ज्या ग्रंथास तेथें गुरुपद मिळालें त्या ग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, आणि ज्या नरसी गांवाशीं नामदेवांचें नांव जोडलेलें आहे तें गांव नांदेडच्या शेजारच्याच हिंगोली जिल्ह्यांत आहे. मराठी मुलखांतील एका शिंप्याची वाणी पंजाबांत जाऊन ग्रंथांत बसली, आणि तो ग्रंथ गोदातीरीं येऊन गुरु झाला! हा सांधा ज्याच्या ध्यानांत आला त्याला ‘प्रांत कोणता, जात कोणती’ हे प्रश्न आपोआप लहान वाटूं लागतात.

येथें एक कटु गोष्ट न बोलणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९४८ च्या इतिहासांत रझाकारांचे अत्याचार जितके खरे, तितकेंच हेंहि खरें कीं, पोलीस कारवाईनंतर पुष्कळ निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारनेंच पाठविलेल्या सुंदरलाल समितीनें उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ पोंचल्याचें नमूद केलें, आणि तो अहवाल कित्येक दशकें बासनांत राहिला. या मृतांचीं नांवें कोणत्याहि प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांत नाहींत. रझाकारांनीं जाळलेल्या खेड्यांतील शेतकऱ्यांचींहि नाहींत. ज्यांनीं तो काळ लहानपणीं डोळ्यांनीं पाहिला ते आज ऐंशीच्या पुढें आहेत. कायद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, प्रत्यक्ष साक्षीदार दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि ते गेले म्हणजे आमच्या हातीं ऐकीव पुरावाच उरणार आहे.

कोणी म्हणेल, परीक्षेंत एका प्रश्नास एक खूण करावयाची असते. तेथें तुमचा सांधा आणि तुमचा पुरावा कोण विचारतो? आक्षेप खरा आहे. ज्यास नोकरी पाहिजे त्यानें पुस्तक पाठ करूं नये, असें सांगण्याइतके आम्ही व्यवहारशून्य नाहीं. पण एका जागेसाठीं शेंकडों उमेदवार बसतात. ज्यांस जागा मिळत नाहीं त्यांच्यापाशीं या अभ्यासांतून पुढें काय उरतें? नुसतें पाठांतर असेल तर कांहींच नाहीं. पारख असेल तर ती दुकानांत, शेतांत, ग्रामसभेंत आणि मत देतांना जन्मभर उपयोगीं पडते. खोटें वाक्य थोरांच्या नांवावर खपविणाऱ्यास असा मनुष्य सहसा फसत नाहीं.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. जळकोटच्या व्यापाऱ्यांनीं वाचनालयाला आठवड्यांतून एका संध्याकाळच्या खर्चाचा आधार द्यावा, आणि शिक्षकांनीं त्या संध्याकाळीं मुलांस एकाच थोर व्यक्तीविषयीं तीन प्रश्न घालावे: हें तुला कोठून कळलें? तें घडलें तेव्हां भोंवतालीं काय चाललें होतें? आणि त्याचा आपल्या गांवाशीं संबंध काय? त्याच मुलांनीं वही घेऊन गांवांतील वृद्ध स्त्रीपुरुषांकडे जावें, हिंदूंच्या घरीं जावें तसें मुसलमानांच्या घरींहि जावें, आणि १९४८ चें जें त्यांस आठवतें तें नांव, गांव व तारीख घालून लिहून घ्यावें. या कामास सरकारी मंजुरी लागत नाहीं आणि वर्गणीहि फारशी लागत नाहीं. व्यापाऱ्याच्या घरीं रोजमेळ रोजच्या रोज लिहिला नाहीं तर वर्षअखेर खतावणी जमत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. गांवाच्या आठवणींचा रोजमेळ पुष्कळ दिवस लिहावयाचा राहिला आहे. साक्षीदार हयात आहेत तोंवर तो लिहावयास बसलें पाहिजे.