गौताळ्याचा शिंजीर आणि अँडीजचा हमिंगबर्ड

जास्वंदीपुढे क्षणभर हवेत थबकलेल्या इवल्याशा पक्ष्याचा व्हिडिओ 'आमच्या बागेत हमिंगबर्ड' म्हणून अधूनमधून मोबाइलवर येतो. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, पण सगळ्या अमेरिका खंडांतल्या. छत्रपती संभाजीनगरात दिसतो तो जांभळा शिंजीर. संध्याकाळी लांब सोंड फुलात खुपसून भिरभिरणारे काही असेल, तर तो बहुधा पतंग असतो.

ओळखायचा कसा?

लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, चोच बारीक आणि खाली वाकलेली. विणीच्या हंगामात नर लांबून काळाकुट्ट दिसतो; ऊन पडले की निळा-जांभळा झळाळतो. ही झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. हंगाम सरला की नर मादीसारखा पिवळट-तपकिरी होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. मादी बारमाही साधीच.

राहतो कुठे?

अंगणापासून डोंगरापर्यंत कुठेही. कन्नडजवळच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात (स्थापना 1986) पानझडीचे जंगल आहे. पळस, पांगारा, काटेसावर फुलले की शिंजिराची चंगळ असते. शहरात रुई आणि कर्दळही चालते. मधासोबत तो कोळी-किडेही खातो. पिलांना तर मुख्यतः तेच भरवतो.

डोंगराळ शिंजीर हवा असेल तर सह्याद्रीच गाठावा लागेल. लाल पाठीचा, लाल गळ्यावर पिवळ्या रेघा असलेला सह्याद्री शिंजीर पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही. 1832 मध्ये कर्नल साइक्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आपल्या कोरड्या डोंगरांत त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

घरटे

खरी कारागिरी इथे आहे. मादी एकटीच गवत, सालीचे तुकडे आणि अळ्यांची विष्ठा कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून लांबट थैली विणते. दार बाजूला आणि त्यावर छोटी पडवी. बाहेरून घरटे फांदीला अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसते, आणि तेच त्याचे संरक्षण! अंडी साधारण दोन. उबवते मादीच, भरवायला मात्र नरही येतो.

मग नाते कोणाशी?

अँडीज पर्वतरांगेत चिंबोराझो शिखराच्या परिसरात साडेतीन हजार मीटरच्या वर एक हमिंगबर्ड राहतो. नराचे डोके जांभळे, छाती पांढरी. रात्रीच्या थंडीत तो शरीराचे तापमान उतरवून निपचित पडतो. विरळ हवेत तरंगणे महागात पडते, म्हणून मध पिताना पुष्कळदा फुलझाडावर चक्क बसतो, अगदी आपल्या शिंजिरासारखा.

तरी दोघांचे रक्ताचे नाते नाही. शिंजीर चिमणी-कावळ्यांच्या गणातला. सारख्या खाद्यामुळे चोच आणि सवयी सारख्या घडल्या, इतकेच. हमिंगबर्डची जवळची भावकी म्हणजे पाकोळ्या, ज्या जुन्या वास्तूंच्या कमानींखाली घरटी करतात. हे बहुतेकांना पटत नाही, पण शास्त्र तसेच सांगते.

अंगणात शिंजीर हवा असेल तर साखरपाणी टांगू नका. जास्वंद, कर्दळ लावा, कीटकनाशक फवारू नका. पावसाळ्याआधी वेल छाटायचा असेल तर आधी त्यात लोंबणारा 'कचरा' नीट पाहा. आत पिले असली तर ती उडून जाईपर्यंत कात्री बाजूला ठेवा.