नवी किडनी आणि वाढलेली भूक

प्रभूच्या कृपेने किडनीरोपण पार पडते, मंडळीत उपकारस्तुती होते आणि भेटीला जाणारा प्रत्येक जण मिठाई नेतो. मीही पेढे नेले आहेत. डायलिसिसच्या काळात पाणी, फळे, डाळ सगळे मोजून घेतलेला माणूस आता पोटभर जेवतो. काही महिन्यांत वजन आणि साखर दोन्ही वाढतात.

दोष केवळ जिभेचा नाही. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून बहुधा प्रेडनिसोलोन आणि टॅक्रोलिमस देतात. प्रेडनिसोलोनने भूक वाढते, आणि साखर दोन्हींमुळे चढते. आधी मधुमेह नसलेल्यालाही तो होऊ शकतो. पण वजन वाढले म्हणून गोळी सोडली, तर किडनीच जायची! डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच.

आपल्या हाती आहे ते ताट. पाड्यावर नाचणीला पथ्याचे अन्न मानतात. तिच्यानेही साखर वाढते, म्हणून भाकरी मोजूनच. भात थोडा, नीट धुऊन शिजवलेली भाजी जास्त. पपनस नको, त्याने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढते. जडीबुटीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

इन्सुलिन घेणाऱ्याने उपास-प्रार्थनेला उपाशी राहू नये. साखर एकदम उतरते. हे पाळकसाहेबांनीच आधी सांगितले, तर त्याला संकोच वाटणार नाही. आणि पुढच्या भेटीला पेढे न नेता, डॉक्टरांची परवानगी असेल तर, त्याला सोबत घेऊन अर्धा तास चालून या.