न रडणारा निरोप

कोरियातली ताटातुटीची गाणी पूर्वी मोकळेपणाने रडत. 1956 सालचं मिआरी खिंडीवरचं गाणं घ्या. कोरियन युद्धात, 1950मध्ये, माघार घेणाऱ्या उत्तर कोरियाच्या सैन्याने सोलमधल्या कितीतरी माणसांना याच खिंडीतून बांधून नेलं. नवऱ्याला असं नेताना पाहणाऱ्या बायकोचा तो आक्रोश. गीतकार बान या-वल यांची स्वतःची मुलगी त्याच युद्धात दगावली होती. ट्रॉट या कोरियन गानशैलीचा दोन मात्रांचा ठेका आणि गळ्यातली थरथर त्या दुःखाला शोभतेच.

पुढे तीसेक वर्षांत गाण्यातला निरोप खासगी झाला. सैन्य नाही, खिंड नाही. कुणीतरी सोडून गेलं, एवढंच. या दुःखाला वेगळा आवाज हवा होता आणि तो यू जे-हाने दिला, असं मी ठामपणे म्हणेन.

जन्म 1962चा. हानयांग विद्यापीठात त्याने संगीतरचनेचं शिक्षण घेतलं आणि चो यॉंग-पिल या लोकप्रिय गायकाच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवला. 1987च्या ऑगस्टमध्ये त्याचा पहिला अल्बम आला. त्यातल्या नऊ रचनांपैकी एक फक्त वाद्यांची. शब्द, चाली, संयोजन सगळं त्याचंच. 1 नोव्हेंबरला मोटार अपघातात तो गेला, वयाच्या पंचविशीत.

अल्बमचं शीर्षकगीत चो यॉंग-पिलने 1985मध्येच गायलं होतं. दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकावीत. चोचा गळा कसलेला, भरदार. दुःखही तो समर्थपणे पेलतो. यू मात्र जवळ बसून बोलल्यासारखा गातो. आवाज साधा, कुठे कुठे डळमळणारा. गाण्यातला माणूस गेलेल्या प्रेयसीला विसरता येत नाही म्हणून स्वतःवरच चिडलेला असतो. पुढे ती परत येते, तो सर्वस्व देऊ करतो. पण आवाजातली धास्ती जात नाही. मला त्या गाण्याचं सगळं मोल त्या धास्तीत वाटतं. तालमीने घोटलेला गळा ती पुसून टाकतो.

याच अल्बममधलं उदास पत्राचं गाणं दिग्दर्शक बोंग जून-होने 2003च्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ या चित्रपटात वापरलं. पावसाळी रात्री रेडिओवर त्याची फर्माईश झाली की खून होतो, म्हणून ते ऐकताच पोलिसांच्या पोटात गोळा येतो. इतकं हळुवार गाणं तिथे भय दाटवू शकतं, कारण ते मुळातच एकाकी आहे.

यूचं आणखी एक गाणं त्याचा गायक मित्र किम ह्युन-शिकने 1986मध्ये आपल्या अल्बममध्ये घेतलं होतं. किमही 1990मध्ये 1 नोव्हेंबरलाच वारला. त्याचा शेवटचा अल्बम मृत्यूनंतर, 1991मध्ये आला. त्यात आजारपणाने चिरफाळलेला आवाज तसाच ठेवला आहे.

यूच्या नावाने 1989पासून स्वतः गाणी रचणाऱ्या तरुणांसाठी स्पर्धा भरते. बीटीएस या पॉप गटाला घडवणारा बांग शि-ह्यॉक 1990च्या दशकात याच स्पर्धेत बक्षीस मिळवून संगीतात आला.