बालचरित्रातलं गळलेलं पान

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी. मुलांसाठीच्या छोट्या चरित्रांत नवव्या वर्षी लग्न, मग गोपाळरावांची शिकवणी आणि लगेच अमेरिकेची आगबोट! मधलं एक पान बहुधा गळतं. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायची ओढ तिथून लागली. मुलांना हे झेपणार नाही, असं आपणच ठरवतो. (गोपाळरावांच्या माराविषयी तर विचारूच नका.) पण कारणच गाळलं, तर उरते नुसती एक हुशार मुलगी. एखादं पोर हमखास विचारतं, 'त्यांनी किती रोगी बरे केले?' पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं मृत्यू. दवाखाना मांडायला वेळच मिळाला नाही. मी त्याला तसंच सांगते.